तिसरी नस

"अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे," असं सांगून माझ्या नवऱ्याला अँजिओग्राफीसाठी आत नेलं होतं. दुपारची जोहरची अजान झाली, माझी नमाज झाली, मुलीनं मशीनमधून काढून आणलेलं सँडविच तसंच वाळून गेलं, तरी दार उघडेना. शेवटी डॉक्टर स्वतः बाहेर आल्या. त्या मूळच्या सुदानच्या. उंच, शांत, गरजेपुरतंच बोलणाऱ्या. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. डॉक्टर उभ्या उभ्या बोलून निघून गेले की समजावं, सगळं ठीक आहे.

"ते बरे आहेत," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "हृदयाला रक्त पुरवणाऱ्या मुख्य नसा तीन. त्यातल्या दोन मला मिळाल्या. अगदी स्वच्छ आहेत. तिसरी मिळाली नाही."

"मिळाली नाही म्हणजे? बंद आहे?"

"बंद असू शकते. जन्मतःच नसू शकते. किंवा जिथून निघायला हवी तिथून निघत नसेल, भलतीकडूनच येत असेल. मी बराच वेळ शोधलं. आज मला माहीत नाही, एवढंच मी खरं सांगू शकते."

मी दोह्यातल्या एका इंडियन स्कूलमध्ये लहान वर्गांना गणित शिकवते. 'मला माहीत नाही' हे वाक्य मुलांच्या तोंडून रोज ऐकते. डॉक्टरच्या तोंडून मात्र पहिल्यांदाच ऐकलं, आणि त्या बाईवर माझा विश्वास बसला तो त्याच वाक्यामुळे.

मुळात आम्ही नसांसाठी गेलोच नव्हतो. माझा नवरा एसीच्या डक्टिंगच्या कामावर सुपरवायझर. उन्हात, धुळीत, शिड्यांवर त्याची पंचवीस वर्षं गेलेली. आम्ही राहतो अबू हमूरमध्ये, एका व्हिलाच्या वरच्या मजल्यावर. लिफ्ट नाही. मागच्या हिवाळ्यापासून हा माणूस जिन्याच्या मधल्या वळणावर थांबून मोबाइल बघायला लागला होता. मला वाटायचं, ऑफिसचे मेसेज असतील. एके दिवशी मी वरून डोकावून पाहिलं, तर मोबाइलचा स्क्रीन काळाच होता. तो नुसता दम खात उभा होता.

"डॉक्टरला दाखवू या," मी म्हटलं.

"वय झालं गो," तो म्हणाला. घरात आम्ही आमची श्रीवर्धनकडची कोकणी वळणाची मराठी बोलतो. इथे लिहिताना ती जरा सरळ करून घेतलीय.

मग एका शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजेवरून येताना पाण्याची मोठी बाटली खांद्यावर घेऊन तो जिना चढत होता. बाटली गडगडत खाली गेल्याचा आवाज आला. मी आणि मुलगी धावलो, तर तो त्याच वळणावर भिंतीला टेकून पडला होता, डोळे अर्धे उघडे. मुलगी अकरावीत आहे. आम्ही मराठीत बोललो तरी ती उत्तर इंग्रजीतच देते. तिनं माझ्या आधी फोन लावला, पत्ता सांगितला, त्याचे पाय उचलून आपल्या मांडीवर घेतले. अँब्युलन्स येईपर्यंत तो शुद्धीवर आला होता आणि बाटली फुटली का, हे विचारत होता.

दवाखान्यात इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. हृदयातून मोठ्या रक्तवाहिनीत रक्त जातं त्या तोंडाशी एक झडप असते. तिला तीन पाकळ्या असतात. माझ्या नवऱ्याच्या झडपेला जन्मापासून दोनच. पन्नास वर्षं त्या दोघींनी तिघींचं काम ओढलं आणि आता त्या दगडासारख्या कडक झाल्या होत्या. रक्त कसंबसं चिरेतून बाहेर पडत होतं. झडप बदलायची, म्हणजे छाती उघडून ऑपरेशन. त्याआधी नसा तपासून घ्यायच्या, म्हणून अँजिओग्राफी. आम्हाला वाटलं, ऑपरेशनआधीचा एक नियम, तेवढ्यापुरतं.

आणि तिथेच तिसरी नस हरवली.

"आता हृदयाचा सीटी स्कॅन करायचा," डॉक्टर म्हणाल्या. "आतून नळी घालून मी एकेक दार ठोठावत होते. स्कॅनमध्ये सगळी इमारत बाहेरून दिसते. नस कुठून निघते, कुठून जाते, सगळं कळेल."

"आणि नाही कळलं तर?"

"कळेपर्यंत मी त्यांना सर्जनकडे पाठवणार नाही."

स्कॅनच्या दिवशी माझ्या नवऱ्याला सगळं इंग्रजीत समजावून सांगितलं. तो प्रत्येक वाक्याला 'येस, येस' म्हणत होता. गल्फमध्ये राहणारी आमची माणसं ज्या सुरात साहेबाला 'येस, येस' म्हणतात, त्याच सुरात. कळलं की नाही, याचा त्या 'येस'शी काही संबंध नसतो. मला हे माहीत होतं, पण मी बाहेर होते.

आत काय झालं ते त्यानं नंतर सांगितलं. छातीवर चिकटपट्ट्या लावल्या, हातात सुई घातली आणि त्या मोठ्या कड्यात त्याला सरकवलं. सुईतून रंगाचं औषध आत गेलं तशी घशापासून खालपर्यंत गरम लाट उतरली. त्याला वाटलं, आपल्याला कपड्यातच लघवी झाली. तेवढ्यात मशीन आधी अरबीत आणि मग इंग्रजीत श्वास धरायला सांगू लागलं. हा बिचारा कपडे ओले झाले का म्हणून मान वर करून बघत होता.

फोटो फिसकटले. डॉक्टरांनी मला स्क्रीनवर दाखवले. पळत्या मुलाचा फोटो काढला की हातपाय पुसट येतात ना, तसं सगळं पुसट. हृदयाचे ठोके फार वेगानं पडत होते, त्यात तो हलला. एरवी ठोके हळू करायचं औषध देतात, पण झडप इतकी अरुंद असताना ते सढळ हातानं देता येत नाही. रक्तदाब एकदम खाली आला तर भलतंच व्हायचं.

"पुन्हा करू," डॉक्टर म्हणाल्या. "मात्र किडनीला थोडी विश्रांती हवी. रंगाचं औषध लागोपाठ नको. तोवर घरी राहायचं, जिना नाही, साइट नाही, ओझं नाही. आणि चहा-कॉफी बंद."

परत येताना गाडी मी चालवत होते. सिग्नलला थांबलो तेव्हा तो म्हणाला, "खलास. आता ते मशीन नको."

सिग्नल सुटला, मी गाडी पुढे घेतली.

"ऑपरेशन करायचं तर करून टाका म्हणावं. नस सापडली नाही तर नाही. आत आहे ना कुठेतरी? एवढी वर्षं चाललं ना?"

"चाललं ते छाती न उघडता चाललं," मी म्हटलं.

घरी त्याला जिना चढवणं हेच एक काम होतं. दोन पायऱ्या, थांबायचं, दोन पायऱ्या, थांबायचं. वर आल्यावर तो सोफ्यावर बसला आणि मग खरं ते बोलला. त्याचे वडील पन्नाशीच्या आतच गेले. सुपारीच्या वाडीत शिंपणं करता करता खाली बसले ते उठलेच नाहीत. तेव्हा हा दहा-बारा वर्षांचा. तेव्हापासून त्याच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली होती, की आपल्या घरातल्या पुरुषांचं असंच असतं. कुठे काय आहे ते शोधत बसलं की मरण जवळ येतं. डोळे मिटून पुढे जावं.

"मला भीती वाटते गो," तो म्हणाला. लग्नाच्या इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. "त्या मशीनमध्ये मला माझ्याच छातीचे ठोके ऐकू येत होते."

मलाही भीती वाटत होतीच. एकीकडे डॉक्टर म्हणत होत्या की झडपेला फार दिवस थांबता येणार नाही, दुसरीकडे त्याच म्हणत होत्या की नस सापडल्याशिवाय पुढे जायचं नाही. मधल्या दिवसांत हा पुन्हा कोसळला तर? सकाळी शाळेत जाताना मी त्याच्या छातीकडे बघायचे, वरखाली होतेय ना. पण एक गोष्ट मी मनाशी पक्की केली होती. ज्या बाईनं खोटा धीर दिला नाही, तिचं ऐकायचं. त्याला त्या मशीनमध्ये पुन्हा न्यायचं, आणि या वेळी तयारी करून न्यायचं.

पहिलं काम, चहा. ज्यानं कतारमध्ये नोकरी केलीय त्याला करक म्हणजे काय, हे सांगायला नको. वेलचीचा, दुधाचा, उकळून उकळून लाल केलेला तो चहा. दुकानासमोर गाडी उभी करून हॉर्न वाजवला की माणूस पेले घेऊन काचेशी येतो. माझा नवरा दिवसाला किती पेले रिचवायचा ते त्याचं त्यालाच माहीत. मी घरातली चहाची पावडर उचलून शाळेत नेऊन ठेवली. दुसऱ्याच दिवशी त्याचा एक मित्र भेटायला आला आणि तो गेल्यावर खोलीत वेलचीचा वास.

"हे काय?"

"कसलं काय?"

मी कचऱ्याची पिशवी उघडली. वरच कागदी पेला होता. मुलगी दारात उभी होती. ती इंग्रजीत म्हणाली, "अब्बा, तुम्ही आता गुन्हेगार झालात." तो हसला, पण मी हसले नाही. मी त्याच्या मित्राला फोन करून सांगितलं, की भाईजान, पुन्हा चहा आणलात तर माझ्या दारात पाऊल ठेवायचं नाही. वीस वर्षांच्या ओळखीत मी त्या माणसाशी अशी कधी बोलले नव्हते. त्यानं मुकाट्यानं ऐकून घेतलं, आणि पुढच्या वेळी येताना कलिंगड घेऊन आला.

दुसरं काम, श्वास. रोज संध्याकाळी मगरिबच्या नमाजेनंतर मी त्याला जमिनीवर गादी घालून आडवं करायचे. हात डोक्यावर, जसे स्कॅनमध्ये ठेवतात. मुलगी मशीनच्या आवाजात हुकूम सोडायची. श्वास घ्या, धरा, सोडा. माझा नवरा खाडीकाठचा. लहानपणी बुडी मारून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढलेला माणूस, त्यामुळे श्वास धरणं त्याला अवघड नव्हतं. अवघड होतं ते गप्प पडून राहणं. पहिल्या दिवशी तो दर वेळी काहीतरी बोलायचा. छताला ओल आलीय, पंख्याचा आवाज येतोय. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत मात्र तो डोळे मिटून पडू लागला. मुलगी त्याच्या मनगटावर बोट ठेवून ठोके मोजायची आणि कालच्यापेक्षा कमी झाले की अंगठा वर करून दाखवायची.

दुसऱ्या स्कॅनच्या दिवशी आम्ही सकाळी लवकर पोहोचलो. तयारीच्या खोलीत त्याला पलंगावर झोपवलं आणि मला व मुलीला शेजारी बसू दिलं. मुलीचा आणि माझा तिच्या शाळा बुडवण्यावरून वाद चालला होता, मी मराठीत, ती इंग्रजीत. हातात चिकटपट्ट्या घेऊन एक बाई आत आली. निळे कपडे, गळ्यात बारीक सोनेरी क्रॉस. आमच्याकडे बघून थबकली.

"तुम्ही मराठी?"

"आम्ही श्रीवर्धनचे."

"मी वसईची!" ती म्हणाली, आणि मग माझ्या नवऱ्याकडे वळून, "काका, मागच्या वेळी मी सुट्टीवर होते. आज मी आहे. आपण सगळं मराठीत करू."

सीटी मशीन चालवायचं काम तिचं. तिनं घाई केली नाही. पलंगाच्या कडेला टेकून तिनं काय काय होणार ते एकेक करून सांगितलं.

"औषध गेलं की अंगातून गरम लाट जाईल. लघवी झाली असं वाटेल. होत नाही. सगळ्यांना वाटतं, पण कोणी बोलत नाही."

माझा नवरा माझ्याकडे बघून लाजला.

"आणि श्वास असा जीव खाऊन भरायचा नाही. साधा, जरासा मोठा. मग तसाच धरून ठेवायचा, जोर न लावता. पोटाला ताण नाही, छातीला ताण नाही. मी आतून सांगेन, मशीनकडे लक्ष देऊ नका."

शेजारी मॉनिटरवर ठोक्यांचा आकडा दिसत होता. माझा नवरा सारखा मान वळवून तिकडे बघायचा. बघितलं की आकडा वाढायचा, आकडा वाढला की पुन्हा बघायचा. तिनं मॉनिटरचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"ते माझं काम. तुम्ही काकींकडे बघा. काकी, तुम्ही गावाकडचं काहीतरी बोला यांच्याशी. आजाराचं नाही."

मी बोलू लागले. त्याच्या धाकट्या भावानं मोठ्या हौसेनं होडीचं इंजिन घेतलं आणि पहिल्याच फेरीत ते बंद पडलं, ते सांगितलं. फणसाच्या झाडावरून शेजाऱ्यांशी चाललेलं भांडण सांगितलं. चुलत सासूबाईंनी हजला जाऊन आल्यावर सगळ्यांना वाटलेल्या खजुरांत किडे निघाले, तेही सांगितलं. तो डोळे मिटून ऐकत होता, मध्येच ओठाचा कोपरा हलायचा. डॉक्टर येऊन पाहून गेल्या, औषधाची लहानशी मात्रा दिली, पुन्हा पाहून गेल्या. मी बोलतच राहिले. माझ्या घशाला कोरड पडली तेव्हा मुलगी बोलू लागली, चक्क मराठीत, अडखळत, क्रियापदं चुकवत. तिच्या शाळेत कुणीतरी प्रयोगशाळेत काय सांडलं, ते सांगत होती.

वसईच्या बाईनं मॉनिटरवर नजर टाकली. "आता. चला."

मला बाहेर थांबायला सांगितलं. दाराच्या वर लाल दिवा लागला. मी दरूदची प्रार्थना म्हणत उभी राहिले. नंतर त्यानं सांगितलं, की गरम लाट आली तेव्हा त्याला हसू यायला लागलं होतं, पण त्याच वेळी कानाशी आवाज आला, "काका, श्वास घ्या... धरा... धरा... झालं. सोडा." शाळेतल्या बाईचं ऐकावं तसं त्यानं ऐकलं.

दार उघडून ती बाहेर आली आणि तिनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "फोटो काचेसारखे आलेत. अर्थ डॉक्टर सांगतील."

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं. या वेळी तिघांनाही. स्क्रीनवर माझ्या नवऱ्याचं हृदय होतं, लालसर, सगळ्या बाजूंनी फिरवता येणारं. आपल्या माणसाचं हृदय असं समोर बघणं विचित्र असतं. मला आधी नजर वळवावीशी वाटली. मग मी खुर्ची पुढे ओढली.

"ही मोठी रक्तवाहिनी. हिच्या मुळाशी ती झडप," डॉक्टर म्हणाल्या. "डावीकडून दोन नसा निघायला हव्या होत्या. एकच निघालीय. ही उजवीकडची. आणि आता हे बघा." त्यांनी हृदय हळूच फिरवून पाठमोरं केलं. उजव्या बाजूनं एक बारीक नस निघाली होती, मोठ्या रक्तवाहिनीच्या मागून झडपेला खेटून वळसा घालत डावीकडे गेली होती, आणि तिथे नीट पसरली होती. "ही तुमची तिसरी नस. मी तिला डावीकडे शोधत होते."

मी नवऱ्याला ते मराठीत सांगितलं. मग माझा नवरा म्हणाला, "म्हणजे लाइन आहे. फक्त मागून फिरवून आणलीय."

मी ते इंग्रजीत सांगितलं. डॉक्टर पहिल्यांदा मोकळेपणानं हसल्या. "अगदी तसंच. आणि लाइन चांगली आहे, कुठेही अडथळा नाही. जन्मापासून तिनं आपलं काम चोख केलंय. काही लोकांत असं असतं, त्यांना आयुष्यभर कळतही नाही."

"मग त्यात वाईट काय?" मुलीनं विचारलं.

"एरवी काहीच नाही. पण सर्जन जुनी झडप कापून नवी बसवणार. तिच्या कडेनं टाके घालणार. आणि ही नस त्या कडेच्या अगदी पाठीशी आहे."

मी विचारायचं टाळू शकले असते. टाळलं नाही. "हे कळलं नसतं तर?"

"कदाचित काही झालं नसतं," त्या म्हणाल्या. "कदाचित एखादा टाका तिच्यातून गेला असता, किंवा नव्या झडपेच्या कड्यानं ती दाबली गेली असती. मग हृदयाच्या या सगळ्या भागाचं रक्त तिथल्या तिथे थांबलं असतं, आणि का थांबलं ते शोधायला वेळ उरला नसता."

मुलीनं माझ्या हातावर आपला हात ठेवला. गाडीत सिग्नलला तो 'खलास' म्हणाला होता तेव्हा मी थकून 'बरं' म्हटलं असतं, तर? मी तो विचार तिथेच थांबवला. अजून ऑपरेशन व्हायचं होतं.

सर्जन केरळचे, हिंदी बोलणारे. त्यांनी स्कॅन आमच्यासमोर पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला. फार मोठ्या मापाची झडप कोंबायची नाही, मागच्या बाजूला टाके उथळ घ्यायचे, आणि हृदय पुन्हा सुरू झालं की छाती बंद करण्याआधी अन्ननलिकेतून इको करून तो भाग नीट हलतोय ना ते बघायचं, असं त्यांनी बोटांनी हवेत टाके घालून दाखवलं. "मी असं आधी केलंय," ते म्हणाले. "मात्र आधी माहीत असलं, तर हात वेगळा चालतो."

ऑपरेशनच्या सकाळी त्याला आत नेताना तो माझ्याकडे बघून म्हणाला, "यल्ला." एवढंच. साइटवर कामाला सुरुवात करताना म्हणतो तसं.

तो दिवस कसा गेला ते मला सांगता येणार नाही. सांगण्यासारखं काही घडलंच नाही. माणसं येत होती, जात होती. शाळेतल्या एक मॅडम डबा देऊन गेल्या. वसईची बाई आपली ड्यूटी संपवून येऊन बसली. चर्चमध्ये मेणबत्ती लावून आले, म्हणाली. मी तिचा हात धरून ठेवला. मुलगी समोरच्या भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली होती आणि मोबाइलमध्ये बघत नव्हती. मी रडायचं नाही ठरवलं होतं. रडले तर तिलाही रडू फुटेल, हे मला माहीत होतं.

सर्जन बाहेर आले तेव्हा टोपीचा वळ त्यांच्या कपाळावर उमटला होता. ते लांबूनच म्हणाले, "मॅडम, नस सलामत है।"

झडप, टाके, हृदय सुरू झालं की नाही, सगळं त्यांनी नंतर सांगितलं. पहिली बातमी त्या नसेचीच दिली. त्या जागी आम्ही जास्त वेळ घेतला, म्हणाले. आणि मग मी रडले, मुलीच्या खांद्यावर डोकं ठेवून, कॉरिडॉरमधल्या सगळ्या लोकांसमोर.

बरं होणं सोपं नव्हतं. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. आपला माणूस खोकतानाही घाबरलेला बघणं कठीण असतं. बाहेर ऊन पेटलेलं, म्हणून त्याला चालवायला मी संध्याकाळी मॉलमध्ये न्यायचे. पहिल्या दिवशी परफ्युमच्या दुकानापर्यंत, मग बुटांच्या, मग पार दुसऱ्या टोकाच्या दारापर्यंत. तो कुरकुरायचा, मी ऐकायचे नाही. रक्त पातळ ठेवायची गोळी आता जन्माची, त्यासाठी रक्ताची तपासणीही नेहमीची. नवी झडप धातूची आहे. शांत बसलं की तिचा टिकटिक आवाज येतो. मुलगी म्हणाली, आता अब्बा घरात कुठे लपले तरी सापडतील.

शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. नस अशी वळसा घालून जाणं सहसा घराण्यात चालत नाही, पण दोन पाकळ्यांची झडप चालू शकते. मुलांचा आणि सख्ख्या भावंडांचा इको करून घ्या. साधी तपासणी आहे, सुई नाही, औषध नाही.

मुलीचा आम्ही त्याच आठवड्यात करून घेतला. तीनही पाकळ्या जागेवर, झडप अगदी उत्तम. ती म्हणाली, "आय ॲम सो बोअरिंग." तिचे अब्बा म्हणाले, "आयुष्यभर अशीच बोअरिंग राहा."

दीर तयार होईना. तो श्रीवर्धनला, होडी आणि सुपारी सांभाळतो. "भाबी, मला काय झालंय? मी रोज होडी ढकलतो," तो म्हणाला.

"तुझे भाईपण रोज शिडी चढत होते."

मी रोज फोन करू लागले. सकाळी शाळेच्या बसमधून, मधल्या सुट्टीत, दुपारी उशिरा आसरच्या नमाजेनंतर. तो उचलेनासा झाला तेव्हा जावेला करू लागले. शेवटी वैतागून तो मुंबईला गेला. त्याच्या झडपेलाही दोनच पाकळ्या निघाल्या. मात्र अजून मऊ आहेत, नीट उघडमीट होतेय. दरवर्षी तपासायचं, दातांचं काही काम करायचं असलं तर आधी डॉक्टरांना सांगायचं, इतकंच. त्यानं फोन करून आधी अख्खा रिपोर्ट वाचून दाखवला. मग म्हणाला, "भाबी, बरं झालं तुम्ही छळलंत."

या सुट्टीत आम्ही गावी चाललोय. आता राहिली माझी नणंद. ती म्हणते, बायकांना हे नसतं, आणि तिला आंब्याचा रस वाळवून साटं घालायची आहेत, वेळ नाही. मी तिला सांगितलं, साटं मी घालीन. इकोची वेळ घेऊन ठेवलीय आणि गाडीही सांगून ठेवलीय.